मूळ गाव पाण्यात

निर्वासित हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढं फाळणीतले सिंधी येतात, तिबेटी येतात, काश्मीर सोडून आलेले पंडित येतात. अलीकडच्या काळात रोहिंग्या येतात. साताऱ्याहून सांगलीला आलेल्या माणसाला मात्र कुणी निर्वासित म्हणत नाही. एसटीनं काही तासांची वाट. भाषा तीच, भाकरी तीच, राज्यही तेच. सरकारी कागदावर आम्ही 'प्रकल्पग्रस्त' आहोत आणि गावच्या तोंडी 'धरणवाले'. संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या करारानुसार निर्वासित ठरायचं तर देशाची सरहद्द ओलांडावी लागते. आम्ही फक्त कृष्णा ओलांडली. मोठ्या विकास प्रकल्पांमुळे आपल्याच देशात उठवल्या गेलेल्या माणसांचा विचार संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांत झाला तो १९९८ साली. तोवर आमची तिसरी पिढी शाळेत जाऊ लागली होती.

या लेखात आम्ही 'आम्ही' म्हणतो आहोत, त्याचं एक कारण घरातलं आहे. आमच्या घरच्या दखनीत एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो. दुसरं कारण असं की जे सांगायचं आहे ते एकट्याचं नाही. खानापूर तालुक्यातल्या एका गावाशेजारच्या पुनर्वसन वसाहतीतल्या बारा मुसलमान घरांचं ते आहे. त्यातल्याच एका घरातून आम्ही बी.एड. होऊन उर्दू शाळेत मास्तरकी करतो आहोत.

कोयना धरणाबद्दल शाळेच्या पुस्तकात सगळं छापलेलं आहे. धरणाची उंची १०३ मीटर. साठवण १०५ टीएमसीच्या वर. जलाशयाचं नाव शिवसागर. सगळे टप्पे मिळून वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॅट. महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणतात तिला, आणि ते खोटं नाही. आमच्या शाळेतला पंखा ज्या विजेवर फिरतो तिच्यात कोयनेचा वाटा असणारच. कोयनेचं मोठेपण आम्हाला नाकारायचं नाही. पण त्याच पाण्याखाली शंभराच्या आसपास गावांची घरं आणि जमिनी गेल्या, सुमारे नऊ हजार कुटुंबं उठली, हे पुस्तकात एका ओळीत येतं. ती कुटुंबं सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी विखुरली. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रानं केला १९७६ साली. कोयनेची गावं उठून तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती. म्हणजे आम्ही कायद्याच्या आधीचे. काहींना रोख पैसे मिळाले, काहींना पड जमीन, काहींना नुसतं आश्वासन. त्या आश्वासनासाठी २०१८ सालीही डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलाबरोबर म्हातारी माणसं कोयनानगरला ठिय्या देऊन बसली होती. ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळत गाव सोडलं ती माणसं कधीच गेली होती. आता बसली होती ती त्यांची पोरं, तीही पांढऱ्या केसांची.

आमचं घर मुलाण्याचं. पाटण तालुक्यातल्या खोऱ्यात आमच्या दादांकडं गावची मुलाणकी होती. जत्रेला बकरं हलाल करायचं ते दादांनी, सुगीला बलुतं मिळायचं ते त्याचं. ताबुताच्या वेळी मराठ्यांची पोरं खांदा द्यायची. गरिबी होती, पण गावात प्रत्येकाला आपली जागा ठाऊक होती. धरणाच्या सर्वेला साहेब लोक आले तेव्हा त्यांनी जमीन मोजली, घराचे वासे मोजले, आंब्या-फणसाची झाडं मोजली. दादांच्या नावावर जमीन जेमतेम होती. मुलाणकी हे काही झाड नव्हे, की साहेबानं यादीत लिहावं. नव्या जागी आलो तर तिथल्या गावाला त्यांचा मुलाणी आधीच होता. दादा एका दिवसात बलुतेदाराचे मजूर झाले. नुकसानभरपाई मिळते ती मोजता येणाऱ्या वस्तूंची, हे आमच्या घरानं १९६१ च्या उन्हाळ्यात शिकून घेतलं.

ज्या गावाशेजारी आम्हाला वसवलं त्या गावाचीही बाजू सांगितली पाहिजे. आमची घरं उभी राहिली ती त्यांच्या गायरानावर. तिथं त्यांची गुरं चरायची. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आम्हालाही विचारलं नव्हतं. दुष्काळी टापू, विहिरीचं पाणी फेब्रुवारीतच तळाला जायचं. अशा ठिकाणी शंभर घागरी जास्तीच्या आल्या की माणूस कितीही भला असला तरी कपाळाला आठी पडते. मग 'धरणवाले' या शब्दाला धार आली. पाण्याला आमची पाळी शेवटची. शाळेत आमची पोरं मागच्या ओळीत. दुकानदार उधारीची वही उघडताना नावापुढं 'धरण' असं लिहायचा. गावात काही चोरीला गेलं तर पहिली चौकशी वसाहतीत. "कुठलं तुम्ही?" हा प्रश्न साधा आहे, पण तो साठ वर्षं रोज विचारला गेला तर साधा राहत नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवली पाहिजे. त्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत वसाहतीत हिंदू-मुसलमान असं काही नव्हतं. खोऱ्यातून आलेले मराठे, बौद्ध आणि आम्ही, सगळ्यांची मिळून एकच जात होती, धरणवाले. घागरी फोडल्या गेल्या तर सगळ्यांच्या फुटायच्या. दादीमा सांगायची, की पहिल्या पावसाळ्यात आमचं छप्पर उडालं तेव्हा महिनाभर आम्ही शेजारच्या मराठ्याच्या पडवीत होतो, आणि त्या घरच्या म्हातारीनं आमच्यासाठी वेगळी चूल मांडून दिली होती.

आता जे लिहायचं आहे ते आपल्या लोकांना आवडणार नाही, पण या अंकात नाही लिहायचं तर कुठं लिहायचं?

दादांचा इंतकाल झाला १९६८ साली. नव्या गावात मुसलमानांची जमात होती, मशीद होती, कब्रस्तान होतं. आमच्या लोकांना वाटलं, चला, निदान इथं तरी कुणी 'कुठलं तुम्ही' विचारणार नाही. जनाजा तयार होता आणि कब्रस्तानाच्या फाटकावर चर्चा चालली होती. हे कब्रस्तान अमक्या घराण्याच्या इनामातलं, इथं प्रत्येक खानदानाची जागा ठरलेली, बाहेरच्यांना कुठं द्यायची? अखेर ओढ्याकडेचा कोपरा मिळाला. पावसाळ्यात तिथं पाणी शिरायचं. धरणाच्या पाण्यापासून पळून आलेला माणूस ओढ्याच्या पाण्यात पुरला गेला. पुढं कित्येक वर्षं त्या जमातीनं आमची मुलगी केली नाही आणि आम्हाला दिली नाही. मशिदीत एकाच सफेत खांद्याला खांदा लावून नमाज व्हायची, आणि निकाहाची बोलणी आली की विचारलं जायचं, "खानदान का क्या पता? गाँवच नै इनका."

जुन्या गावात आमच्या पणजोबांची, त्यांच्या वडिलांची कबर होती. एक पिराचा चबुतरा होता. ते सगळं पाण्याखाली. ज्या वर्षी पाऊस कमी पडतो त्या वर्षी मे महिन्यात जलाशय आटतो, आणि बुडालेल्या गावांच्या भिंती, जोती, देवळांचे दगड वर येतात. तापोळा-बामणोलीकडं आता पर्यटक येतात, त्या भागाला 'मिनी काश्मीर' म्हणतात, लाँचमधून फिरतात, फोटो काढतात. त्यांचं चुकतं असं नाही. पण आमच्यातली म्हातारी माणसं त्या पाण्याकडं पाहून फातिहा पढतात, हे त्या लाँचवाल्यालाही ठाऊक नसावं.

इतकं सगळं सांगितलं ते बडे अब्बांबद्दल लिहायचं आहे म्हणून. बडे अब्बा म्हणजे आमच्या अब्बांचे थोरले भाऊ. गाव सुटलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. अब्बा चार वर्षांचे, त्यांना काही आठवत नाही. बडे अब्बांना सगळं आठवत होतं. कुठल्या फणसाचा गर कापा आणि कुठल्याचा बरका, नदीला उतार कुठं, मशिदीच्या पायऱ्या किती. ते गवंडीकाम करायचे. कामाला वाघ, बोलायला गोड. वयाची पन्नाशी उलटली आणि त्यांची झोप उडाली. पाऊस जोराचा लागला की रात्री उठून पिठाचा डबा, कुराणशरीफ आणि रेशनकार्ड माळ्यावर ठेवायचे. आम्हा पोरांना हलवून उठवायचे, "उठो रे, पानी आ गया." जिथं पिण्याला पाणी नाही अशा गावात ते पुराची वाट बघत बसायचे. पुढं पुढं काम सुटलं. जेवण कमी झालं. कधी दोन-दोन दिवस बोलायचे नाहीत. कधी भिंतीकडं तोंड करून रडायचे. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेला भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली, त्यात खोऱ्यात राहिलेले आमचे नातेवाईकही होते. त्या भूकंपाबद्दल ते बोलायला लागले की थांबायचे नाहीत, जणू कालच झाला.

गावानं निदान केलं, 'येडं धरणवालं'. पोरं मागून ओरडायची, "पानी आया, पानी आया." आपल्या लोकांनी निदान केलं, जिन्नाती असर. कुणी म्हटलं नमाजेत कमी पडतात म्हणून, कुणी म्हटलं सब्र नाही, ईमान कमजोर. ताईत झाले, पाणी फुंकून झालं, मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात सात जुमेरात झाल्या. दर्ग्यातून परत येताना त्यांना थोडं बरं वाटायचं, हे खरं आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. तिथं त्यांना कुणी 'कुठलं' विचारत नव्हतं. दर्ग्याच्या ओट्यावर सगळेच बाहेरगावचे असतात. पण घरी आले की पुन्हा पाऊस, पुन्हा माळा.

२००६ साली आमच्या अम्मीनं हट्ट धरला आणि त्यांना मिरजेत सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. अम्मी चौथी शिकलेली. तिचं म्हणणं एवढंच होतं, की गुडघा दुखला तर डॉक्टर चालतो, मग डोकं दुखतं त्याला का नाही? डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाऊण तास बडे अब्बांना बोलू दिलं. मग विचारलं, "चाचा, तुमच्या गावाचं नाव काय?" ते गाव आता नाही, हे माहीत असून विचारलं. बडे अब्बांनी नाव सांगितलं आणि पुढं अर्धा तास गावच सांगत राहिले. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं, की हे वेड नाही, जिन्नात नाही. जुन्या धक्क्याची भीती आत राहिलेली आहे आणि तिच्यावर उदासीचा आजार चढलेला आहे. गोळ्या लिहून दिल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरच्यांनी त्यांच्यावर हसायचं नाही, असं बजावलं. वर्षभरात झोप आली. गवंडीकाम पुन्हा धरलं. पावसाळ्यात माळ्यावर डबा ठेवण्याची सवय मात्र शेवटपर्यंत राहिली, आणि आम्हीही तो ठेवायला हात लावू लागलो.

बी.एड.ला आम्ही मानसशास्त्राचा पेपर दिला होता. मॅस्लोची गरजांची उतरंड पाठ केली होती, अन्न, निवारा, सुरक्षितता, आपलेपणा. परीक्षेत चांगले गुण मिळाले. पण त्या उतरंडीत बडे अब्बा कुठं बसतात ते कुणी शिकवलं नव्हतं. पुढं वाचत गेलो तेव्हा कळलं, की जगात यावर बराच अभ्यास झालेला आहे. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण झालं तेव्हा, १९५७-५८ च्या सुमारास, टोंगा जमातीची सत्तावन्न हजारांच्या आसपास माणसं उठवली गेली. एलिझाबेथ कोल्सन आणि थेअर स्कडर या दोन अभ्यासकांनी त्या लोकांचा पिढ्यान् पिढ्या मागोवा घेतला. सक्तीनं उठवलेल्या माणसाच्या शरीरावर, मनावर आणि समाजावर एकाच वेळी ताण येतो, असं त्यांनी दाखवून दिलं. मार्क फ्रीड यांनी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात वस्ती पाडून हलवलेल्या कामगारांचा अभ्यास केला. १९६३ साली त्यांनी लिहिलं, की घर गेल्याचं दुःख माणसं एखादा सगा गेल्यासारखंच करतात. मायकेल सर्निया यांनी विस्थापनातले आठ धोके मांडले. जमीन जाणं, काम जाणं, घर जाणं, हे आपल्याला दिसतात. पण त्याच यादीत समाजातली पत घसरणं आहे, गायरान-पाणवठ्यासारखी सामाईक साधनं तुटणं आहे, आजारपण आहे आणि नात्यागोत्याची वीण उसवणं आहे. ती यादी आम्ही वाचली तेव्हा वाटलं, की हे तर आमच्या वसाहतीचं सातबारा उतारा आहे.

म्हणजे आजार दोन टप्प्यांत होतो. पहिला घाव गाव गेल्याचा. तो काळानं भरू शकतो. दुसरा घाव नव्या जागी रोज होणाऱ्या हेटाळणीचा, आणि तो पहिल्याला भरू देत नाही. बडे अब्बांना पाण्यानं जेवढं आजारी केलं त्याहून अधिक 'येडं धरणवालं' या दोन शब्दांनी केलं, असं आमचं मत आहे.

राहता राहिला ईमान कमजोर असल्याचा मुद्दा. आपल्या वाचकांना हिजरतीची हकीकत नव्यानं सांगायला नको. मक्का सोडून मदिनेत आल्यावर हजरत अबू बकर आणि हजरत बिलाल तापानं फणफणले होते, आणि त्या तापात बिलाल मक्केच्या दऱ्या, तिथलं गवत, तिथलं पाणी आठवून तळमळत होते. सहीह बुखारीत ही हदीस आहे. तापलेल्या वाळूवर 'अहद, अहद' म्हणणाऱ्या बिलालचं ईमान कमजोर होतं असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? ते ऐकून रसूलल्लाह (स.) यांनी त्यांना झिडकारलं नाही. मदिनाही आम्हाला मक्केसारखा प्यारा व्हावा, अशी दुआ केली. आणि फक्त दुआ करून थांबले नाहीत. एकेक मुहाजिर आणि एकेक अन्सार यांच्यात भाईचारा जोडून दिला. घरात घेतलं, बागेत वाटा दिला. गाव गमावलेल्या माणसासाठी दुआ आणि वाटा, दोन्ही लागतात. आमच्या वाट्याला ओढ्याकडेचा कोपरा आला. मुहाजिरांवर तासभर तकरीर करणाऱ्या मौलानांनी आपल्याच गावच्या धरणवाल्यांबद्दल एक वाक्य बोलल्याचं आम्हाला आठवत नाही.

परक्यांना आपलं म्हणायची रीत आपल्या मुलखाला ठाऊक नाही असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात रशियात हद्दपार झालेले पोलिश लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, त्यात बायका-मुलंच जास्त. त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची. आमच्या सातारा जिल्ह्यात पाचगणीला त्यांच्या आजारी, अशक्त माणसांसाठी हवापालटाची सोय होती. पुढं वळिवड्याच्या त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. पोलिश मुलं म्हातारी होऊन पुन्हा कोल्हापूर बघायला आली. त्यांच्या आठवणीचं स्मारक कोल्हापुरात आहे. आम्हाला त्यांचा हेवा नाही, त्यांनी आमच्याहून भयंकर सोसलं. पण सहा हजार किलोमीटरवरून आलेल्यांच्या दुःखाला जी जागा मिळाली ती शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून आलेल्यांना मिळू नये, याचं नवल वाटतं. जवळच्या माणसाचं दुःख दुःखासारखं दिसत नसावं.

आणि आमच्यासाठी ते दुःख जुनं झालेलं नाही. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत दंगल उसळली, सांगलीत संचारबंदी लागली. वसाहतीत दगडही पडला नाही, पण बडे अब्बा तीन रात्री बोचकं बांधून बसले होते. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यात पुसेसावळीला मशिदीवर हल्ला झाला, एक तरुण मारला गेला. तेव्हा बडे अब्बा हयात नव्हते. बोचकं आमच्या अब्बांनी बांधलं. ज्यांना गाव सुटल्याचं काही आठवत नाही त्या अब्बांनी.

मध्ये २०१९ चा डिसेंबर आला. नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला, नोंदणीच्या चर्चा सुरू झाल्या. वसाहतीत म्हातारी माणसं ट्रंका उपसू लागली. जन्माचा दाखला कुठून आणायचा? गाव नाही, चावडी नाही, शाळा नाही. एका म्हाताऱ्यानं आम्हाला फॉर्म भरायला सांगितलं. जन्मठिकाण या रकान्यापाशी आम्ही थांबलो. तो म्हणाला, "लिखो ना मास्तर, मूळ गाव पाण्यात." तो हसत होता, पण त्याची बोटं थरथरत होती. त्या हिवाळ्यात वसाहतीतल्या चार-पाच जणांची झोप उडाली. बडे अब्बांची उडाली होती तशीच. ते स्वतः त्या दिवसांत शांत होते. गोळ्या चालू होत्या. त्यांचं म्हणणं एकच, "एकदा उठलो, आता उठणार नाही." २०२१ मध्ये ते गेले.

आमच्या वर्गात आज वसाहतीतली सात मुलं आहेत. ती चौथ्या पिढीची. त्यांनी पाणी पाहिलेलं नाही, धरणही नाही. तरी पत्ता विचारला तर वसाहतीचं नाव गाळून गावाचं नाव सांगतात. एक मुलगी हुशार आहे, पण स्पर्धेला बाहेरगावी जायचं म्हटलं की तिच्या पोटात दुखतं. तपासण्या झाल्या, पोटात काही नाही. घरी आजोबा अबोल, वडील संध्याकाळी पिऊन येतात, आईला धाप लागते. आम्ही डॉक्टर नाही, निदान करणं आमचं काम नाही. पण भीतीही वारशानं मिळते, जमिनीसारखी, एवढं वीस फूट अंतरावरून रोज बघणाऱ्या मास्तराला कळतं.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मनाचा आजार हा आजार आहे. दर्ग्यात जायचं त्यांनी जावं, पण दवाखाना सोडू नये. दुआ आणि दवा यांच्यात भांडण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी सेवेतून मानसोपचार मिळणं हा हक्क ठरवलेला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ या नंबरावर फुकट बोलता येतं, मराठीतही. आमच्या शाळेच्या फलकावर हा नंबर आम्ही खडूनं लिहून ठेवला आहे. पुसला गेला की पुन्हा लिहितो. एक-दोन पालकांनी विचारलं, हा कशाचा नंबर? सांगितलं, की झोप येत नसेल तर लावायचा. तेवढं पुरतं.

दुसरी गोष्ट जमातींसाठी. सातारा-सांगलीत कोयना, वारणा, अशा कितीतरी धरणांनी उठवलेली माणसं आहेत, त्यात आपलीही आहेत. पुनर्वसित गावठाणाला द्यायच्या नागरी सुविधांच्या यादीत रस्ता आहे, शाळा आहे, स्मशानभूमी आहे. पण कब्रस्तानाच्या फाटकावर 'कुठले तुम्ही' विचारायचं नाही, ही सुविधा सरकार देऊ शकत नाही. ती आपणच द्यायची आहे. आमच्या गावच्या जमातीत आता नवी पोरं आली आहेत. २०२२ मध्ये त्यांनी कब्रस्तानाच्या कमिटीत वसाहतीतले दोघे घेतले, ओढ्याला बांध घातला. पन्नास वर्षं लागली, पण झालं. गेल्या काही वर्षांत निकाहही झाले आहेत.

तिसरी गोष्ट आम्ही मुलांकडून करून घेतली. 'हमारा गाँव' असा निबंध दरवर्षी असतो. या वेळी सांगितलं, आजोबा-आजीला विचारून बुडालेल्या गावाची नावं लिहून आणा. शेताची, वहाळाची, झाडांची, पायवाटांची, शेजाऱ्यांची. मराठी शाळेतल्या वसाहतीच्या मुलांनीही आणली. उर्दू आणि मराठी, दोन्ही लिपींत एकशे चाळीस नावं जमली. काही म्हाताऱ्यांचं एका नावावरून भांडण लागलं आणि दोन दिवस चाललं. तितक्या मोठ्यानं बोलताना आम्ही त्यांना वर्षानुवर्षांत ऐकलं नव्हतं. पोटात दुखणाऱ्या त्या मुलीनं सर्वांत जास्त नावं आणली, चौतीस. तिच्या अबोल आजोबांनी ती एका रात्रीत सांगितली होती.

कराडला कोयना कृष्णेला मिळते. त्याच्याखाली टेंभूला ते पाणी उपसून आता आमच्या दुष्काळी खानापूर तालुक्यात आणलेलं आहे. गावच्या शेतांत ऊस आणि द्राक्षं दिसतात. ज्या पाण्यानं आम्हाला उठवलं तेच पाणी गावाच्या आणि वसाहतीच्या बांधाला एकाच कालव्यातून येतं. पाळीपत्रकात अजून वसाहतीचा नंबर शेवटचा आहे. तो बदलावा म्हणून गेल्या ग्रामसभेत अर्ज दिला आहे. अर्जावर खोऱ्यातून आलेल्या सगळ्या जातींच्या सह्या आहेत, आणि या वेळी मूळ गावच्याही अकरा जणांच्या आहेत.